एकशे वीस वाट्या

नीलिमा आठल्ये माझ्या खालच्या मजल्यावर राहते. अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या सोसायटीत आम्ही दोघी १९९१ साली, एकाच महिन्यात राहायला आलो. कॉन्व्हेंटमधल्या मदर सुपीरियरने लावलेली रोज डायरी लिहायची सवय माझी अजून सुटलेली नाही, आणि त्या वर्षापासूनच्या डायऱ्यांत नीलिमाचं नाव आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतं. ‘नी.कडून कढीपत्ता.’ ‘नी.च्या शाळेत विज्ञान प्रदर्शन, जाऊन आले.’ ‘नी.ला ताप.’

उल्हासनगरच्या एका मराठी शाळेत ती एकतीस वर्षं विज्ञान शिकवायची. मुलं तिला पाठीमागे ‘खरंबाई’ म्हणत. वर्गात परीक्षानळी फुटो की कुणी दुसऱ्याचं जर्नल उतरवून काढो, तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, “आधी खरं सांग. शिक्षेचं मग बघू.” खरं सांगणाऱ्याला ती खरोखरच सोडून द्यायची. भाजीवालीने चुकून कोथिंबिरीची एक जुडी जास्त घातली, तर ती परत करायला स्टेशनपर्यंत चालत जाणारी ही बाई.

तिचे यजमान श्यामकांतराव इथल्याच एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलचे अधिकारी होते. उंच, काटकुळे, मोजकं बोलणारे. चौतीस वर्षांत त्यांनी कँटीनचा चहासुद्धा घेतला नाही. लग्नाकार्यात ते हातात पाण्याचा पेला घेऊन उभे राहत आणि घरी येऊन जेवत. आधी आईच्या हातचं, मग नीलिमाच्या. मुलगा उन्मेष मेलबर्नला गेल्यावर घरात बोलायला विषयही उरले नव्हते. दोन वेळा ती वाढायची, ते जेवायचे, तेवढ्यात “आमटीला आज चिंच बेताची झालीय” असं काहीतरी निघायचं, तेच त्या दोघांचं दिवसभराचं बोलणं. मी एकदा तिला चिडवलं होतं, “तुझा नवरा कधी कौतुक करतो की नाही गं?”

ती म्हणाली, “दुसऱ्यांदा वाढून घेतात की.”

अशी ही बाई नवऱ्याशी एकदा खोटं बोलली. त्यांचा जीव वाचावा म्हणून बोलली. पण ते उघडं पडलं तर हा माणूस आपल्या हातचं पुन्हा जेवणार नाही, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तिला विचारूनच मी हे लिहिते आहे. “लिहा,” ती म्हणाली, “निदान एका ठिकाणी तरी सगळं खरं असू दे.”

२०२४च्या जूनमध्ये श्यामकांतराव न्हाणीघरात घसरून पडले. खुबा मोडला, ऑपरेशन झालं, हाड नीट बसलं, पण जखम भरेना. शहात्तर वर्षांचं अंग, त्यात खाणं चिमणीसारखं. पाठीला शय्याव्रण व्हायला लागला. जुलैच्या सुरुवातीला सर्जनने रक्ताचा रिपोर्ट नीलिमासमोर धरला आणि एका आकड्याखाली पेनाने रेघ मारली.

“अल्ब्युमिन दोन पॉइंट तीन. साडेतीनच्या आसपास यायला हवं. अंगात प्रोटीन नाही, तर जखम भरणार कशाने? अंडी द्या. रोज चार अंड्यांतलं पांढरं.”

श्यामकांतराव खाटेवरून शांतपणे म्हणाले, “ते सोडून दुसरं सांगा.”

“काका, हे औषध समजा.”

“समजून औषध होत नाही. दुसरं सांगा.”

डॉक्टर बाहेर येऊन नीलिमाला म्हणाले, “जखमेत इन्फेक्शन गेलं तर माझ्या हातात फार काही राहणार नाही. तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला वेगळं काय सांगू?”

तिला वेगळं सांगायची गरज नव्हतीच. सातवीचा आहाराचा धडा तिने एकतीस वेळा शिकवला होता. घरी येऊन तिने वहीचा कागद फाडला, शंभर ग्रॅममध्ये किती ग्रॅम प्रथिनं याचा तक्ता लिहिला आणि फ्रिजवर चिकटवला. सोयाबीन सगळ्यात वर, मग शेंगदाणे, मग मूग, कुळीथ, वाल, हरभरे. दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळ बारवी धरणाकडच्या पाड्यावरची तुळशी टोपली घेऊन बसते, तिच्याकडून दोन किलो वाल आणि कुळीथ घेतले.

“एवढे वाल कोनला गं बाय? घरात लगीन हाय?” तुळशीने विचारलं.

“नवऱ्याला. आजारी आहेत. ताकद यायला हवी.”

“मंग कोंबडी घाल ना त्याला. वालानं काय उठतोय?”

हे सांगताना नीलिमा हसली होती. माझ्या डायरीत त्या दिवशी ‘नी. बऱ्याच दिवसांनी हसली’ असं आहे.

वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात घालून एकेक सोलायचा. दुपारभर ती आणि मी समोरासमोर बसून बिरडं सोलायचो. आमच्यात मटणाच्या वाराला मटण नसलं तर बिरडं असतं, त्यामुळे माझा हात चालतो. त्यांनी दोन दिवस खाल्लं, तिसऱ्या दिवशी पोट नगाऱ्यासारखं फुगलं. कुळथाच्या पिठल्यानेही तेच. सोयाबीनच्या वड्या रश्शात घालून दिल्या; “स्पंज आहे,” म्हणून त्यांनी ताटाच्या कडेला रांगेने लावून ठेवल्या. दूध त्यांना लहानपणापासून पचत नाही, त्यामुळे पनीर दोन तुकड्यांवर अडलं आणि प्रोटीनच्या पावडरीने जुलाब झाले. तक्त्यातली एकेक ओळ ती पेन्सिलीने खोडत होती. वजन चौपन्न किलोवर आलं होतं.

शेवटी ती उल्हासनगरला गेली. तिथल्या एका कॅम्पात, म्हणजे फाळणीनंतर वसलेल्या वस्तीत, चेतनभाई म्हणून सिंधी दुकानदार आहे. त्याच्याकडे सोयाचाप, सोयापनीर असलं सगळं ताजं मिळतं. सोयापनीर म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर, टोफू. तिने अर्धा किलो आणलं, आलं-मिरी लावून परतलं, वाटीत घालून दिलं. श्यामकांतरावांनी एक तुकडा चावला, बराच वेळ तोंडात फिरवला.

“सोयाबीनचं आहे ना हे?”

“पूर्ण सोयाबीनचं. दूध नाही, काही नाही.”

“मग खायला हरकत नाही. पण साबणासारखं लागतंय गं. उद्या नको.”

दुसऱ्या दिवशी, २२ जुलैला, दुपारी अडीचला ती माझ्या दारात उभी राहिली. हातात रिकामी वाटी होती. म्हणाली, “मालूताई, तुमच्याकडे अंडी आहेत का?”

आम्ही सीकेपी, माझ्या फ्रिजमध्ये अंडी असतातच. चार काढून ओट्यावर ठेवली. ती त्यांच्याकडे बघत राहिली. “फळ्यावर आकृती शंभरदा काढलीय. कवच, पटल, बलक, हवेची पोकळी. हातात कधी घेतलं नव्हतं.” पहिलं अंडं तिच्या हातात चुरडलं आणि बोटांवरून मनगटापर्यंत ओघळलं. ती तशीच उभी राहिली, हात अंगापासून लांब धरून. मी तो नळाखाली धरला. उरलेली मी फोडली, बलक वेगळा काढला, पांढरं फेटलं. त्यात मीठ, आलं, मिरपूड, चिमूटभर हिंग आणि चमचाभर बेसन घालायचं तिने सुचवलं. ढोकळ्याच्या भांड्यात वाफवलं, सुरीने चौकोनी तुकडे पाडले. पांढरेशुभ्र, मऊ, सोयापनीरच जणू. तिने लिंबाने हात चोळचोळून धुतले, वाटीवर झाकण ठेवलं आणि खाली गेली.

संध्याकाळी येऊन सांगितलं. “आठ तुकडे खाल्ले. म्हणाले, आजचं चांगलं लागतंय. दुकान बदललंस का?”

“मग?”

“मी ‘हो’ म्हटलं.”

एवढंच. सगळं खोटं त्या एका ‘हो’मध्ये मावलं होतं, पुढे तिला वेगळं काही बोलावं लागलं नाही. त्या दिवशी मी डायरीत लिहिलं, ‘नी. ४.’ पुढच्या प्रत्येक दिवशी तेवढंच.

रोज अडीचला ती यायची. बलकांचं काय करायचं हा प्रश्न होता. सुरुवातीला मी खायचे, मग कोलेस्ट्रॉलच्या धास्तीने जिन्यातल्या मांजरींना घालायला लागले. महिनाभरात मांजरी अशा तुकतुकीत झाल्या की लोक विचारू लागले. टरफलं माझ्याच कचऱ्यात जायची. वॉचमन एकदा म्हणाला, “आजी, एकट्या जिवाला एवढी अंडी? जिम लावली काय?” मी म्हटलं, “हो रे, आता कुस्ती खेळणार आहे.”

एक गोष्ट तिने पहिल्या दिवसापासून ठरवली होती. श्यामकांतराव जेवायला बसले की ताटाभोवती पाणी फिरवतात, उजव्या बाजूला भाताच्या चित्राहुती घालतात, आपोष्णी घेतात आणि मगच पहिला घास. आजारपणात पलंगावर बसूनही त्यांनी ते सोडलं नव्हतं. ते सगळं उरकेपर्यंत ती वाटी स्वयंपाकघरातच ठेवायची. देवाला दाखवलेल्या ताटात ती वाटी कधी नव्हती. “वाटी आधीच का वाढत नाहीस?” ते विचारायचे. “गार होते,” ती म्हणायची. एकादशीला, श्रावणी सोमवारी, दीड दिवसाच्या गणपतीत, त्यांच्या वडिलांच्या तिथीला, नवरात्राचे सगळे दिवस, दिवाळीत ती वर यायचीच नाही. त्या दिवशी खाली साधं मुगाचं वरण असायचं आणि ते विचारायचे, “आज सोयापनीर नाही?” एरवी श्रावणात माझ्याही घरात अंडं येत नाही. त्या वर्षी आलं. मी देवांना सांगून टाकलं की हे माझ्यासाठी नाही. त्यांनी ऐकलं असेल तर असेल.

ऑगस्टअखेर अल्ब्युमिन दोन पॉइंट नऊ झालं. सप्टेंबरमध्ये जखम बुजली. ऑक्टोबरमध्ये तीन पॉइंट सहा. डॉक्टर खूश होऊन म्हणाले, “आता सोडू नका, डिसेंबरपर्यंत चालू ठेवा.” वाटीत काय असतं ते त्यांना माहीत होतं की नाही, मला सांगता येत नाही, त्यांनी विचारलं नाही. दिवाळीला श्यामकांतराव काठी टेकत जिना चढून माझ्याकडे फराळाचं ताट द्यायला आले. गालावर मांस दिसत होतं. मला वाटलं, झालं, संपलं हे.

नीलिमाचं मात्र उलटं होत गेलं. तिने महिला मंडळात जाणं सोडलं. हळदीकुंकवाला बोलावलं तर डोकं दुखायचं. उन्मेषच्या व्हिडिओ कॉलवर ती पलंगाच्या टोकाला बसायची, कॅमेऱ्याच्या बाहेर. “सगळ्यांशी बोलताना वाटतं, हे माणूस माझ्या तोंडावर विश्वास ठेवतंय,” ती एकदा म्हणाली. “वर्गात पोरं खोटं बोलून बाकावर बसायची ना, शेजारी कोणी नसल्यासारखी, तशी बसते मी घरात.”

“मग सांगून टाक ना. ते बरे झाले आता.”

“सांगितलं की ते माझ्या हातचं सोडतील. बाकी आमच्यात आहे काय, मालूताई?”

तिने दुसरा मार्ग काढला. खोटं खरं करायचा. डिसेंबरमध्ये तिने स्वतः सोयापनीर करायला घेतलं. सोयाबीन भिजवायचं, वाटायचं, दूध गाळून उकळायचं, लिंबू पिळून फाडायचं, फडक्यात बांधून वर माझा वरवंटा ठेवायचा. पहिल्या खेपेला चुरा झाला, दुसऱ्या खेपेला कच्च्या शेंगांचा वास आला. मग तिने दूध वीस मिनिटं उकळून पाहिलं, लिंबाऐवजी व्हिनेगर घातलं. आठ-नऊ खेपांनंतर चांगला घट्ट, पांढरा ठोकळा जमला. मी चाखला, खरंच चांगला होता. २१ डिसेंबरला तिने तो आलं-मिरी लावून वाटीत वाढला. त्या दिवशी तिने वाटी आधीच ताटात ठेवली. चित्राहुती झाल्या, ती समोर बसून राहिली.

श्यामकांतरावांनी तुकडा बोटांत धरून दाबला. आयुष्यभर रंगाचे नमुने तपासलेला माणूस. “हे ते नव्हे.”

“घरी केलंय. ताजं आहे.”

“असेल. पण आधीच्याला एक मऊपणा होता. हे रबरी आहे. तू त्या दुकानातूनच आण.”

“आता एवढं लांब कोण जाणार? ह्यात प्रथिनं तेवढीच आहेत.”

“बरं,” ते म्हणाले आणि संपवलं. दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

ते तसंच चाललं असतं. पण जानेवारीत ज्येष्ठ नागरिक संघाने त्यांना बोलायला सांगितलं. विषय त्यांनीच निवडला, ‘शाकाहारातील प्रथिने : माझा अनुभव’. तीन पॉइंट सहाचा रिपोर्ट मोठा करून त्यांनी भिंतीवर लावला होता. कमी बोलणारा हा माणूस चाळीस मिनिटं बोलला. शहात्तराव्या वर्षी अंडं न खाता, मांस न खाता, केवळ सोयाबीनवर जखम कशी भरली, याचा महिन्यानुसार आलेख. शेवटी म्हणाले, “याचं श्रेय माझ्या पत्नीला. रोज एक वाटी.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. नीलिमा माझ्या शेजारी शेवटच्या रांगेत होती, मांडीवर पर्स घट्ट धरून.

पुढच्या रांगेतून हरिचंद्र भोईर उठले. अंबरनाथ गावातले, रेल्वेतून निवृत्त झालेले, थट्टेखोर. “आठल्येसाहेब, आमी जन्मभर बकरे खाऊन बी लंगडतोच, आन तुमी सोयाबीन खाऊन भाषण देता. मना पन अर्धा किलो पायजे. बायकोला बोलतो, आजपासून तू आराम कर.”

सगळे हसले. बारा जणांनी नावं दिली. श्यामकांतरावांनी यादी केली आणि जाहीर केलं, “मी स्वतः जाऊन आणतो. दुकान कोणतं ते आमच्या हिला माहीत आहे.”

घरी येताना नीलिमा मला म्हणाली, “तुम्हीही चला बरोबर.” ती आधी घरी सांगेल असं मला वाटत होतं. तीन आठवडे ती रोज ‘आज सांगते’ म्हणत होती.

४ फेब्रुवारीला, मंगळवारी, आम्ही तिघं रिक्षाने उल्हासनगरला गेलो. श्यामकांतराव मध्ये, काठी गुडघ्यांत. रस्ताभर ते मला टोफूच्या किमतींबद्दल सांगत होते. दुकान अरुंद, काउंटरवर सोयाचापच्या काड्यांची परात, मागे पाण्याच्या डब्यात पांढरे ठोकळे. चेतनभाईने नमस्कार केला, “आओ साईं, क्या दूँ?”

“सोयापनीर. सहा किलो. आधी थोडं चाखायला द्या.”

त्याने कागदावर तुकडा ठेवला. कुणाच्या हातचं न खाणाऱ्या त्या माणसाने तो तोंडात टाकला, कारण तेच आपण पाच महिने खातोय अशी त्यांची समजूत होती. हळूहळू चावलं. मग म्हणाले, “हे नाही. दुसरं द्या, मऊ असतं ते.”

“अंकल, अपने पास तो एक ही माल है. दो साल से यही बेच रहा हूँ.”

“आमची मिसेस नेत होती. जुलैपासून.”

चेतनभाईने नीलिमाकडे पाहिलं, आठवायचा प्रयत्न केला. “मॅडम एक बार आयी थीं शायद. बारिश में. फिर नहीं देखा.” मग काहीतरी चुकतंय असं त्यालाही वाटलं असावं, कारण तो परातीतल्या काड्या सरळ करायला लागला.

श्यामकांतराव तिच्याकडे वळले. रागाने नाही. नमुना आणि लेबल जुळत नाही तेव्हा बघावं तसं.

नीलिमा म्हणाली, “अंडी होती ती. अंड्यातलं पांढरं.”

रस्त्यावरून टेम्पो गेला. मी तोंड उघडलं होतं, “श्यामकांतराव, त्या वेळी...” त्यांनी मला हाताने थांबवलं. चेतनभाईला म्हणाले, “सहा किलो बांधा. लोकांना सांगितलंय.” पैसे दिले, पिशवी स्वतः उचलली. परतीच्या रिक्षात पिशवी त्यांच्या मांडीवर होती आणि तिच्यातून पाणी ठिबकून पँटवर डाग पडत होता. तो त्यांनी पुसला नाही.

जिन्यात त्यांनी विचारलं, “किती दिवस?”

“एकशे वीस वाट्या,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता ते माझ्याकडे आले. इस्त्रीचा शर्ट, हातात जुनं पंचांग आणि पेन्सिल. मी बसा म्हटलं तेव्हा बसले. पाणी ठेवलं, त्याला हात लावला नाही.

“मालूताई, तुम्ही रोज लिहिता हे मला माहीत आहे. २२ जुलैपासूनच्या नोंदी हव्या आहेत. तुमची वही खासगी आहे, मी बघणार नाही. तुम्ही वाचा.”

मी वाचलं. तारीख, आणि ‘नी. ४’. किंवा तारीख, आणि काही नाही. ते पंचांगात बघून प्रत्येक तारखेला टिंब देत होते. ३१ जुलै, एकादशी, काही नाही. ५ ऑगस्ट, सोमवार, काही नाही. गणपतीचे दोन दिवस, काही नाही. वडिलांच्या तिथीला आल्यावर त्यांची पेन्सिल थांबली. मी वाचलं, “काही नाही. नी. आली नाही.” मग त्यांनी तिथं टिंब दिलं. एकशे बावन्न दिवस वाचायला पाऊण तास लागला. बत्तीस दिवस रिकामे होते, एकही चुकला नव्हता. मला आतून हायसं वाटत होतं. वाटलं, आता यांना कळेल तिने किती जपलं ते.

त्यांनी पंचांग मिटलं. “म्हणजे हिला प्रत्येक दिवशी कळत होतं,” म्हणाले आणि उठले. दाराशी जाऊन वळले. “तुम्ही केलंत ते शेजारधर्म म्हणून केलंत. माझी तक्रार नाही.”

नीलिमाला त्यांनी त्याच दुपारी सांगितलं, आवाज न चढवता. तिने ते मला शब्दशः सांगितलं, आणि मी तसंच उतरवून ठेवलंय. “तू मला वाचवलंस, हे मला मान्य आहे. त्याबद्दल मी आभारी आहे. पण आता ताटात काय आहे हे मला तुझ्याकडून कळणार नाही. माझं मी करून घेईन.”

“मी आधी खरं सांगितलं असतं, तर खाल्लं असतंत?” तिने विचारलं.

“नाही.”

“मग?”

“मग मी गेलो असतो. तो माझा हिशोब होता.”

त्यांनी दीड लिटरचा छोटा कुकर आणला. स्वयंपाकघराच्या वेळा वाटून घेतल्या. साडेअकरापर्यंत तिची, मग त्यांची. फोनवर बघून मुगाची खिचडी, उकडलेल्या शेंगा, भाजलेले चणे असं शिकले. सोयापनीर तिच्याच पद्धतीने करतात, दूध वीस मिनिटं उकळायचं हे वहीत लिहून घेतलंय. भांडणं नाहीत. लाइट बिल, गॅस, औषधं यावर बोलणं होतं. तिची पाठ दुखली तर स्टेशनजवळ जाऊन मलम घेऊन येतात. संघात त्यांनी पुढच्या सभेत उभं राहून सांगितलं की मागच्या व्याख्यानातली माहिती चुकीची होती, कृपया तिच्यावर अवलंबून राहू नये. कारण सांगितलं नाही. हरिचंद्र भोईरांनीही त्या दिवशी थट्टा केली नाही.

मेलबर्नला बातमी अशी पोचली की बाबा स्वयंपाक करायला लागले. हिमानी, त्यांची सून, व्हिडिओवर म्हणाली, “आई, किती लकी आहात हो तुम्ही. उन्मेष चहासुद्धा करत नाही.” आता नीलिमा कॅमेऱ्यासमोर बसते. ती म्हणाली, “हो गं.”

मी तिला म्हटलं, वर्षभरात निवळेल. खरं सांगणाऱ्या पोराला ती सोडून द्यायची, ते माझ्या मनात येऊन गेलं, पण मी बोलले नाही. तिला ते माझ्याआधी सुचलं असणार.

अकरा-बाराच्या सुमाराला खालून कुकरच्या शिट्ट्या येतात. आधी मोठ्याच्या, अर्ध्या तासाने बारक्याच्या. गेल्या आठवड्यात ती वर आली. अडीचच वाजले होते, जुन्या सवयीने मी गॅसकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी राहिली.

“मालूताई, माझा भात रोज उरतो. रात्री तोच खाते, तरी उरतो. तुम्ही एका माणसाला किती तांदूळ लावता हो?”

आमचे हे जाऊन अकरा वर्षं झाली. मलाही हे जमायला बरेच महिने लागले होते. मी कप्प्यातून एक लहान वाटी काढली, तांदळाच्या डब्यात बुडवली आणि बोटाने वरचे दाणे सपाट करून तिच्या हातात दिली.